टाकीतले दीड गॅलन

मोटार विकायचं मी एका रविवारी सकाळी ठरवलं आणि ठरवल्यावर मला हलकं वाटलं. महिनाभर हो-नाही चाललं होतं, ते संपलं. निर्णय मनावर नव्हे, मोजमापावर केला होता. असा निर्णय मला सहसा टोचत नाही.

मी जमीन मोजणारा माणूस. सरकारी मोजणी खात्यात सतरा वर्षं काढली. पुढे एकदा साखळी टाकताना ओल्या बांधावरून घसरलो आणि उजवा गुडघा कायमचा अधू झाला. दोन मैलांहून जास्त चाललो की संध्याकाळी तो नारळाएवढा सुजे. नोकरी सोडली आणि खाजगी मोजणी सुरू केली. भावांच्या वाटण्या, हद्दीची भांडणं, पाटाच्या पाण्याची पातळी असली कामं. घर खालापूरपासून दीड मैलावर, कामं मात्र खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांत पसरलेली. दुर्बीण, तिची तिपाई, चौदा फुटी पट्टी आणि साखळी एवढं सामान घेऊन अधू गुडघ्याचा माणूस गावोगाव जाणार कसा? म्हणून नेरळच्या एका गृहस्थाकडून जुनी अमेरिकन मोटार घेतली. ती घेतली तेव्हा मैलांच्या मीटरवर बेचाळीस हजार होते. मी सांगतोय त्या हिवाळ्यात एक्क्याण्णव हजार झाले होते.

म्हणजे प्रश्न नुसता गाडीचा नव्हता. गाडी गेली की माझी लांबची कामं गेली. उरली असती ती खालापूरच्या आसपासची, तेवढ्यावर घर चाललं असतं पण ओढून ताणून, आणि मला पुन्हा कुणाच्या तरी कचेरीत टेबलाशी बसावं लागलं असतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते मला नको होतं.

युद्धाचे दिवस होते. पेट्रोल कूपनांवर मिळे. माझ्या धंद्यापुरती महिन्याला आठ गॅलनची कूपनं होती, ती शिळफाट्याच्या पंपावर द्यायची. टायर मिळत नव्हते, सुटे भाग मिळत नव्हते. अशा दिवसांत गाडी पेट्रोल जास्त खाऊ लागली तर तो साधा आजार नसतो. दिवाळीनंतर मला तसं वाटू लागलं होतं. पंपावरून चार गॅलन भरून आणावेत, दोन कामं करून यावीत आणि घरी टाकीत काडी घालून बघावं तर तळ दिसायला आलेला. टाकीचा काटा गाडी घेतली तेव्हापासूनच मेलेला होता. त्यामुळे मी बांबूची एक काडी तासून तिच्यावर गॅलनच्या खुणा कोरल्या होत्या. टाकी गाडीच्या मागे आडवी बसवलेली आणि तिचं तोंड डाव्या टोकाला. तोंडातून काडी घालायची, ओली कुठवर झाली ते वाचायचं. काडी मी स्वतः पंपावर एकेक गॅलन ओतून तयार केली होती, तेव्हा तिच्यावर माझा विश्वास होता.

काडीचं नुसतं टोक ओलं झालं की मी काम नाकारी. त्या दोन महिन्यांत सात कामं नाकारली.

शिळफाट्याला पंपाच्या अलीकडे एका मिस्त्रीची शेड होती. हे मूळचे किनाऱ्याकडचे कोकणी मुसलमान, दोन पिढ्यांपासून खोपोलीत. माझी गाडी त्यांच्याशिवाय कुणी उघडली नव्हती. त्यांना म्हटलं, "इंजिन खलास झालंय बहुतेक. पेट्रोल फार खातंय."

त्यांनी गाडी चालू करायला लावली. बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, व्हॉल्व्ह घासायला झालेत. रिंगा बी थोड्या गेल्यात. पन खलास नाय."

"पेट्रोल किती खात असेल?"

"गॅलनला सोळा-सतरा मैल देत आसंल."

"मला तर अकराच्या वर दिसत नाही."

"अकरा?" ते हसले. "अकराचा आवाज आसा नस्तो. अकराची गाडी म्हाताऱ्यावानी खोकते. ही नुसती घसा खाकरते हाय."

मला त्यांचा राग आला नाही, पण कानावर माझा भरवसा नाही. मी म्हणालो, मोजून बघतो. ते म्हणाले, "बघा. तुमी मोजनार नाय तर कोन मोजनार?"

मग मी चाचणी घेतली. शिळफाट्याच्या पंपावर चार गॅलन भरले, तिथल्या फरसबंद सपाट जागेवर काडी घालून आकडा लिहिला. तिथून चौक, चौकहून कर्जत, कर्जतच्या पुढे नेरळच्या वाटेवर साडेचार मैल जाऊन तिथून उलटा, आणि घर. वाटेतल्या मैलाच्या दगडांवरून मीटर तपासला, तो बरोबर होता. एकूण बेचाळीस मैल. घरी अंगणात गाडी उभी केली, इंजिन थंड होऊ दिलं आणि पुन्हा काडी घातली. तीन गॅलन आणि नऊ दशांश खर्च झाले होते. गॅलनला पावणेअकरा मैल.

एका चाचणीवर मी कधी निर्णय करत नाही. पुढच्या आठवड्यात तोच रस्ता, तीच गती, तसेच चार गॅलन. आणि इथे माझ्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. दुसऱ्यांदा पातळी घेताना आम्ही पहिल्या वेळचं पान उघडत नाही. पहिला आकडा डोळ्यांपुढे असला की डोळा नकळत त्याच्याकडे ओढला जातो आणि माणूस प्रामाणिकपणेच खोटं वाचतो. माझ्या हाताखाली काम केलेल्या प्रत्येकाला मी हे शिकवलं होतं. तसंच गाडीच्या बाबतीतही केलं. दुसऱ्या चाचणीला नवं पान घेतलं, मागचं पान उलटलं नाही. बेचाळीस मैलांना बरोबर चार गॅलन. साडेदहा.

दोन्ही पानांवरचे शेवटचे आकडे मग शेजारी ठेवले. पावणेअकरा आणि साडेदहा. दोन वेगळ्या दिवशी, एकमेकांकडे न बघता घेतलेली दोन मापं इतकी जवळ आली की मोजणारा माणूस तिसरं घेत नाही.

इंजिन पूर्ण उघडून सिलिंडर घासायला मुंबईला न्यावं लागलं असतं, आणि पिस्टन मिळतील याची खात्री मुंबईतही कुणी देत नव्हतं. तेव्हा विकणं हाच शहाणपणा होता.

गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. साजगावला एका वृद्ध गृहस्थांची भाताची गिरणी होती. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, सगळा परिसर त्यांना दादा म्हणे आणि ते सगळ्या परिसराला अरेतुरे करत. त्यांना गाडी गाडी म्हणून नकोच होती. टायर आणि आस बैलगाडीला लावायचे आणि इंजिन कोळशाच्या गॅसवर चालवून गिरणीला जोडायचं, असा त्यांचा बेत होता. मी त्यांच्यापासून इंजिनाची अवस्था लपवली नाही. दोन्ही पानं दाखवली.

"मेलेलं हाय म्हन की सरळ," ते म्हणाले. "मला मेलेलंच चालंल. गिरनीला कुठं घाट चढायचाय?"

साडेसहाशेला ठरलं. मागितले त्याहून शंभर कमी, पण मेलेल्या इंजिनाचे जास्त मागणं मलाच बरं दिसेना. त्यांनी एकावन्न रुपये विसार दिला. पाच दिवसांनी गाडी द्यायची.

घरी हिला सांगितलं. ही म्हणजे माझी पत्नी. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग आता कामाला कसे जाणार?"

"बघू."

"तुम्ही 'बघू' म्हणता तेव्हा तुम्हाला काही सुचलेलं नसतं."

खरं होतं. तरी मी म्हणालो, "इंजिन गेलं त्याला मी काय करू?"

गाडी द्यायची त्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी टाकी रिकामी करायला बसलो. त्या दिवसांत टाकीत पेट्रोल ठेवून कुणी गाडी विकत नसे. कूपनाचं पेट्रोल, ते सौद्यात धरलेलं नव्हतं आणि दादांनाही ते नको होतं, साजगावपर्यंत बैल लावून गाडी ओढून न्यायची असं ठरलं होतं. काडी घातली, बरोबर एक गॅलन. एक गॅलनचं पत्र्याचं माप आणि रॉकेलचा रिकामा डबा घेतला. टाकीच्या बुडाचा बोल्ट सैल केला. ही मापाखाली ओला गोणपाट धरून बसली होती.

माप काठोकाठ भरलं. बोल्ट आवळून ते डब्यात ओतलं. आता थेंब-दोन थेंब राहिले असतील, ते घ्यावेत म्हणून पुन्हा सैल केला, तर धार पहिल्यासारखीच जाड.

"अहो, थांबत नाही हो," ही म्हणाली.

दुसरं माप भरलं. तेही ओतलं. तिसरं अर्ध्यावर गेलं तेव्हा धार बारीक झाली आणि थांबली.

"पान्हावली तुमची गाडी," ही म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसायला लागली. "विकायचं कळलं वाटतं तिला."

मला हसू आलं नाही. एक गॅलन असायला हवं होतं आणि अडीच निघालं. माझ्या मोजमापात दीड गॅलनचा फरक! मी काडी उचलली आणि फुटपट्टी लावून खुणा तपासल्या. काडी झिजली नव्हती, कुणी तोडली नव्हती. माप तपासलं, ते पंपावरच्या मापाशी पूर्वीच ताडून घेतलेलं होतं. रात्रीत कुणी पेट्रोल ओतून जाईल हे तर त्या दिवसांत स्वप्नातही शक्य नव्हतं.

मग मी चाचणीची दोन्ही पानं काढली आणि पहिल्यांदाच ती एकापुढे एक लावून वाचली. पहिल्या चाचणीनंतर घरी टाकीत तीन गॅलनच्या आत पेट्रोल होतं. त्यानंतर आठवड्याभरात मी वीसेक मैल फिरलो होतो. वर चार गॅलन भरले होते. तर दुसऱ्या चाचणीला पंपावर फार तर पाच भरायला हवे होते. मी लिहिले होते जवळजवळ सात. माझ्याच हस्ताक्षरात. मागचं पान उलटायचं नाही या शिस्तीपायी हे मी पाहिलंच नव्हतं.

घरी घातलेली काडी कमी दाखवत होती आणि पंपावरची बरोबर. काडी एक, टाकी एक. मग वेगळं काय? जागा.

मी ओट्यावर बसून अंगणाकडे बघितलं. गाडी नेहमीसारखी ओट्याला समांतर उभी होती, डावी बाजू घराकडे. अंगण शेणाने सारवलेलं, गुळगुळीत, स्वच्छ. आमच्याकडे पावसात अंगण उखणतं, म्हणून दर वर्षी पाऊस गेला की नवी माती घालून, पाणी शिंपडून, चोपण्याने चोपून ते नव्याने करतात. आमचंही दिवाळीच्या आधी झालं होतं. मी तेव्हा आठ दिवस कर्जतकडे कामावर होतो.

"अंगण करताना उतार दिला होतास का?" मी हिला विचारलं.

"दिला की. मागच्या पावसात पाणी ओट्याच्या पायरीला लागलं होतं, ते विसरलात का?"

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं. कर्जतला जायच्या आदल्या रात्री तुम्ही नकाशावर डोकं घालून बसला होता. म्हटलं, उतार कसा देऊ? तुम्ही म्हणालात, तुला हवा तसा दे. मग मला हवा तसा दिला." आणि पुढे म्हणाली, "चांगला भरपूर दिला."

मी आतून तिपाई आणली. अंगणात दुर्बीण लावली, बुडबुडा मधोमध आणला आणि हिच्या हातात पट्टी दिली. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, अंगनाची वाटनी करता काय दोगं?"

"नाही हो काकू," ही म्हणाली, "आमची मोटार तिरकी उभी आहे का ते बघतोय."

"त्याला दुर्बीन कशाला? दिवालीपासून तिरकीच हाय ती. मी आमच्या ह्यांना बोललेली, मोजनीसाहेबांची गाडी आता लंगडी उबी ऱ्हाते."

काकूंना दिसलं ते मला दिसलं नव्हतं. दुसऱ्याच्या शेतातला हाताएवढा उतार मी नुसत्या नजरेने सांगतो. पण आपल्या अंगणाकडे कोण मोजायला म्हणून बघतो?

चारही चाकांपाशी पट्टी धरून घेतली. फुटाला पाऊण इंच उतार, घराकडून बाहेर. टाकीच्या मध्यापासून तोंड दीड फूट डावीकडे, म्हणजे वरच्या बाजूला. तोंडापाशी पेट्रोल मध्यापेक्षा एक इंच आणि वर एक अष्टमांश इतकं उथळ. त्या टाकीत एक इंच म्हणजे सव्वा गॅलनहून थोडं जास्त. गुणाकार केला, दीड गॅलन. दोन्ही चाचण्यांतून दीड-दीड गॅलन वजा केले. साडेसतरा आणि पावणेसतरा.

मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून सोळा-सतरा म्हणाले होते.

चूक सापडली की मला कमीपणा वाटत नाही. चूक सापडेपर्यंत अस्वस्थ वाटतं, सापडली की काम पुढे जातं. इंजिन ठीक होतं, दुरुस्तीजोगं होतं आणि दुरुस्ती शिळफाट्यालाच होणार होती. मी नाकारलेली सातही कामं करता आली असती. पण आता गाडी माझी राहिली नव्हती. विसार घेतला होता, शब्द दिला होता. चार वाजता दादांचे बैल येणार होते.

"दुप्पट विसार परत करा," ही म्हणाली. "रीतच आहे तशी."

रीत होती. घेणारा फिरला तर त्याचा विसार बुडतो, देणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा. पण ती रीत घेणाऱ्याने मान्य केली तर. दादा म्हणाले असते की मला पैसे नकोत, गाडी हवी, तर मी काय तोंडाने नाही म्हणणार होतो? मी एकशे दोन रुपये खिशात घातले, सवयीने दुर्बीण आणि तिपाई मागच्या सीटवर टाकली, एक गॅलन पेट्रोल पुन्हा टाकीत ओतलं आणि बैल निघायच्या आत साजगावला गेलो.

गिरणी चालू होती, दादा बाहेर पोत्यांवर बसले होते. मला गाडी चालवत आलेला बघून म्हणाले, "अरं, मेलेली गाडी स्वतःच्या पायांनी आली का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अंगण, उतार, काडी, दोन पानं, अडीच गॅलन. काही लपवलं नाही. शेवटी म्हणालो, "दादा, इंजिन चांगलं आहे. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. गाडी ठेवावी अशी माझी इच्छा आहे. दुप्पट विसार आणलाय. पण शब्द दिलाय तो दिलाय. तुम्हाला गाडीच हवी असेल तर ठरलेल्या साडेसहाशेला आत्ता इथे सोडून जातो."

"म्हंजे," ते म्हणाले, "मेलेलं इंजिन म्हनून मी सौदा केला, आता तूच सांगतोस ते जित्तं हाय, आनि म्हनून मी ते सोडावं? आसा कसा रं तुझा हिशेब? मेलेल्याला साडेसहाशे दिलं, तर जित्त्याला कशाला नको म्हनू?"

त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. मी एवढंच म्हणालो, "बरोबर आहे." आणि गाडीच्या किल्ल्या पोत्यावर ठेवल्या.

त्यांनी किल्ल्यांना हात लावला नाही. "गाडी गेली तर तू काय करनार?"

"खालापूरच्या आसपासची कामं करीन."

"त्या गुडघ्यानं?"

गुडघा मध्ये आणायला मी तिथे गेलो नव्हतो. मी म्हणालो, "तुमच्या मळ्याला पाट काढायचा आहे ना? गाडी द्यायची झाली किंवा राहिली, दोन्ही बाबतीत त्याची पातळी मी फुकट काढून देईन. चुकीच्या माहितीवर तुम्हाला सौदा करायला लावला त्याची भरपाई म्हणून."

दादा इतके मोठ्याने हसले की गिरणीतला माणूस बाहेर डोकावला.

"ऐकलं काय रं?" ते त्याला म्हणाले. "ज्याला स्वतःच्या अंगनाचा उतार कळला नाय, तो माझ्या मळ्याला पानी चढवनार! उद्या पानी माझ्या घरात घुसंल आनि हा वहीत बघून सांगंल, दादा, वहीत तर मळ्यातच हाय."

बोलणं खरं होतं, म्हणून लागलं नाही.

मग ते उठले. "चल, शिळफाट्याला सोड मला. बघू दे तुझी जित्ती गाडी."

ते पुढे माझ्या शेजारी बसले. साजगाव ते शिळफाटा अंतर थोडंच. वाटेत त्यांनी दोनदा समोर आडव्या गेलेल्या माणसांना हात करून आपण मोटारीत बसलोय ते दाखवलं. शिळफाट्याच्या अलीकडे एका ओळखीच्या माणसाने हात केला. "दादा, खोपोलीला जाता काय? मला बी घ्या." पाचशे पावलांवर दुसरा. "दादा, आमच्या सूनबाईंना कर्जतला दवाखान्यात न्यायचंय, ही गाडी तुमचीच का?"

"नाय रं बाबा!" दादा ओरडून म्हणाले. "मोजनीसाहेबाची हाय!"

आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? अजून दारात बी आली नाय तर ही तऱ्हा. मेलेली गाडी मला परवडली आस्ती. चालती गाडी दारात उबी ऱ्हायली तर निम्मं साजगाव रोज तिच्यात बसंल. सुना म्हननार नेरळला न्या, जावई म्हननार कर्जतला न्या. मला गिरनी चालवायचीय, गाव नाय चालवायचं. टायरं मला कुठंतरी दुसरी मिळतील. काढ तुझं दुप्पट."

मी एकशे दोन रुपये दिले. त्यांनी त्यातले एकावन्न मोजून वेगळे केले, दुसरे एकावन्न मोजून त्यांच्याशेजारी ठेवले आणि सगळे एकदम खिशात घातले. मला वाटलं होतं दुप्पटातलं निम्मं परत देतील. दिले नाहीत. मलाही ते बरोबर वाटलं. चुकीला किंमत असते आणि ती मी मोजली.

मिस्त्रींच्या शेडपाशी उतरलो तर मी तोंड उघडायच्या आत दादांनी त्यांना सगळी हकीकत सांगून टाकली, अंगणाच्या उतारावर विशेष भर देऊन. मिस्त्री हसले नाहीत. कापडाच्या चिंध्यांना हात पुसत म्हणाले, "मी बोललो व्हतो, अकराचा आवाज नाय."

"बोलला होता," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही."

"आता काय करायचं? नुस्ते व्हॉल्व्ह घासले तर एका दिसात देतो. दीड-दोन वर्सं काय बघायला नको."

"आणि रिंगा?"

"रिंगा, ब्रेकचं लायनिंग, मागचं बेअरिंग, सगळं उघडलं तर चार दिस. रिंगा माझ्याकडं एक जुना जोड हाय, लढाईच्या आधीचा, तुमच्याच गाडीला बसंल. पन मग खर्च जास्ती." त्यांनी बॉनेट उचललं. "आधी सांगा, किती वर्सं चालवायची ते. त्या हिशेबानं उघडतो."

दादा पानाच्या दुकानाकडे निघाले होते, ते वळून थांबले. मी क्षणभर विचार केला. पैसे किती आहेत, रस्ते कसे आहेत, गुडघा किती दिवस साथ देईल, सगळं धरून.

"सात," मी म्हणालो.

"सात वर्सं?" मिस्त्रींनी वर बघितलं. "मग सगळंच उघडावं लागंल, साहेब."

"उघडा," मी म्हणालो, आणि तिपाई काढून घ्यायला मागचं दार उघडलं.